मिरवणुकीतील ध्वनिक्षेपण व्यवस्था

मिरवणूक, वरात, हळदीचा समारंभ, यात्रा इ. प्रसंगी वाहनावरून किंवा मोकळ्या मैदानात तात्पुरत्या उभारणीतून मोठ्या आवाजात संगीत ऐकविणारा ध्वनिक्षेपक पेट्या, विवर्धक, मिश्रक (मिक्सर) व विद्युत् जनित्र यांचा संच. पश्चिम महाराष्ट्रात या संचाला बोलीभाषेत ‘डीजे’ किंवा ‘डॉल्बी’ असे म्हणतात. संचातील पेट्यांचे मुख्यतः दोन प्रकार असतात. मंद्र स्वरांसाठी असलेल्या मोठ्या पेटीला (सबवूफरला) व्यावसायिक ‘बेस’ म्हणतात, तर मध्य व तार स्वरांसाठी असलेल्या पेटीला ‘टॉप’ म्हणतात. ‘दोन बेस, दोन टॉप’ किंवा ‘चार बेस, चार टॉप’ अशा मोजणीनेच संचाचा आकार सांगण्याची व भाडे ठरविण्याची रीत आहे.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर हे तालुके या व्यवस्थेचा इतिहास पाहण्यास सोयीचे आहेत. नीरा डाव्या कालव्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथे बागायत वाढली. इंदापूर तालुक्यात १९३० नंतरच्या दशकात वालचंदनगरची कारखाना-वसाहत उभी राहिली आणि स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी साखर कारखाने निघाले. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाल्यावर इंदापूरच्या उत्तर व पूर्व सीमेवर विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. उसाबरोबर गावात रोख पैसा, वीज, ट्रॅक्टर आणि ट्रॉली आली. पुढे मिरवणुकीचा आवाज ज्या वाहनावर चढला, ते वाहनही मुळात ऊस व शेतमाल वाहण्यासाठी आलेले होते. पारंपरिक वाद्ये, कर्णा व पेट्यांची भिंत या तिन्ही अवस्था या परिसरातील वयस्क पिढीने आपल्या हयातीतच पाहिलेल्या आहेत.

पूर्वपीठिका : विजेपूर्वीच्या मिरवणुकीत सनई-चौघडा, संबळ, हलगी, ताशा, ढोल, झांज, तुतारी व शिंग ही वाद्ये प्रमुख होती. लष्करी वाद्यवृंदांच्या अनुकरणातून ब्रिटिश अमदानीत पितळी वाद्यांचा बँड प्रचारात आला व तो शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. पुण्यात १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक स्वरूप मिळाले. पुढे शिवजयंतीचा उत्सव सुरू झाला आणि विसाव्या शतकात आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका निघू लागल्या. यांमुळे मिरवणूक हे सामुदायिक अस्तित्व प्रकट करण्याचे एक प्रमुख साधन झाले. आपली मिरवणूक दूरवर ऐकू जावी, ही इच्छा त्यामुळे लाउडस्पीकरहून जुनी आहे.

तथापि या वाद्यांच्या आवाजाला एक स्वाभाविक मर्यादा होती. वादकाचा दम व मनगट थकले, की आवाज थांबे. आवाज वाढवावयाचा, तर माणसे वाढवावी लागत. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग बारामती, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर व सराटी असा या दोन तालुक्यांतून जातो. बेलवाडी व इंदापूर येथील गोल रिंगणांत सहस्रावधी लोकांचा समुदाय टाळ, मृदंग व मुखाने होणारा नामघोष यांच्या लयीवर चालतो. मोठ्या समुदायाला एका लयीत आणण्यास विद्युत् शक्ती अपरिहार्य नाही, हे यावरून दिसते. मात्र येथे ताल धरणारे टाळकरी समुदायात सर्वत्र विखुरलेले असतात. ध्वनीचा उगम एका ठिकाणी साठविलेला नसतो, हा पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा भेद होय.

कर्ण्याचा काळ : पीटर जेन्सन व एडविन प्रिडम यांनी १९१५ च्या नाताळात सॅन फ्रॅन्सिस्को येथील प्रचंड जनसमुदायाला विद्युत् ध्वनिक्षेपकाद्वारे भाषण व संगीत ऐकविले. जनरल इलेक्ट्रिक या कंपनीतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये चल वेटोळे व शंकू यांवर आधारलेल्या ध्वनिक्षेपकाची रचना प्रसिद्ध केली. चुंबकीय क्षेत्रातील वेटोळ्यातून विद्युत् प्रवाह सोडला म्हणजे वेटोळे व त्याला जोडलेला कागदी शंकू पुढेमागे हलतो आणि हवेत दाबाचे तरंग निर्माण होतात. आजच्या सर्वांत मोठ्या बेस पेटीतील ध्वनिक्षेपकही याच तत्त्वावर चालतो. [→ ध्वनिक्षेपक].

भारतात स्वातंत्र्य चळवळीतील सभांनी लाउडस्पीकर सर्वपरिचित केला. नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ या मुंबईतील संस्थेची उपकरणे काँग्रेसच्या सभा-अधिवेशनांत वापरली जात व त्या काळच्या अनेक छायाचित्रांत वक्त्यासमोर हे नाव असलेला ध्वनिग्राहक दिसतो. स्वातंत्र्यानंतर ग्रामीण महाराष्ट्रात मांडव, भांडी व लाउडस्पीकर भाड्याने देणारी दुकाने निघाली. लग्नघराच्या छपरावर किंवा बाभळीच्या फांदीला बांधलेला कर्णा, खाली टेबलावर निर्वात नलिकांचा विवर्धक, मोटारीची विद्युत् घटमाला आणि ध्वनिमुद्रिकांची पेटी असा त्यांचा संच असे. तंबूतील चित्रपट आणि तमाशाचे फड यांनीही आपल्या जाहिरातीसाठी कर्ण्याचा मुक्त वापर केला.

घडीच्या कर्ण्याचा गुण म्हणजे त्याची कार्यक्षमता. थोड्या वॉट शक्तीत तो पुष्कळ दूरवर ऐकू जाई. लांब तारेतून होणारा शक्तीचा ऱ्हास कमी व्हावा म्हणून विवर्धकातून सु. १०० व्होल्ट दाबाने संदेश पाठवीत आणि कर्ण्यातील लहान रोहित्राने तो उतरवून घेत. परंतु कर्ण्याचे तोंड लहान असल्याने सु. ३०० हर्ट्झच्या खालील स्वर त्यातून जवळजवळ उमटत नसत. त्यामुळे शब्द स्पष्ट, पण आवाज चिरका लागे. कर्णा ज्या दिशेला वळविलेला असे, त्या दिशेलाच त्याचा त्रास मुख्यतः होई. त्याचे तोंड फिरविले, की तक्रार मिटे. कर्ण्याबाबत खरा असलेला हा तोडगा पुढे पेट्यांच्या भिंतीच्या बाबतीत निरुपयोगी ठरला.

पेटीचा उदय : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये ट्रँझिस्टरचा शोध लागला. त्यावर आधारलेल्या विवर्धकांमुळे पुढील काळात शेकडो वॉटची शक्ती हलक्या व टिकाऊ पेटीत सामावू लागली. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये व रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात ध्वनिक्षेपक व पेटी यांच्या गणिती संबंधांची मांडणी केली. त्यामुळे शंकूचा व्यास, पेटीचे घनफळ आणि झरोक्याचे माप यांचा मेळ अंदाजाऐवजी हिशोबाने घालता येऊ लागला. पेट्या बनविणाऱ्या लहान कारागिरांपर्यंत या मांडणीची फळे तयार नकाशांच्या रूपाने पोहोचली.

वाहनातून फिरणाऱ्या प्रचंड ध्वनिसंचाची प्रथा जमेकातील किंग्स्टन शहरात १९४० ते १९६० या काळात रूढ झाली. तेथील व्यावसायिक ध्वनिमुद्रिकांची तबकडी, जनित्र व मोठ्या पेट्या मालमोटारीतून नेऊन रस्त्यावर नृत्याचे कार्यक्रम करीत. मंद्र स्वर केवळ ऐकण्याचा नसून अंगावर घेण्याचा विषय आहे, ही कल्पना चित्रपटसृष्टीनेही उचलली. १९७४ च्या अर्थक्वेक या चित्रपटासाठी अमेरिकेतील काही चित्रपटगृहांत खास मोठे मंद्र ध्वनिक्षेपक बसवून भूकंपाचा आभास निर्माण करण्यात आला होता.

महाराष्ट्रात कर्ण्याकडून पेटीकडे झालेला प्रवास टप्प्याटप्प्याने झाला. ध्वनिफितींमुळे गाणी स्वस्त झाली. बँडच्या गाडीवर गायकासाठी ध्वनिक्षेपक आले. बेंजो पार्टीने विद्युत् वाद्याला ताशाची जोड दिली. त्यानंतर वादक पूर्णपणे बाजूला पडून ध्वनिमुद्रित संगीत, ते वाजविणारा डीजे व पेट्यांची भिंत एवढेच उरले. ध्वनितबकड्या, संगणक व शेवटी भ्रमणध्वनी यांमुळे गाण्यांचा साठा हा व्यवसायाचा भाग राहिला नाही. भांडवल पेट्या, विवर्धक, जनित्र व दिवे यांत गुंतू लागले आणि व्यावसायिकांमधील स्पर्धा पेट्यांच्या संख्येवर आली.

‘डॉल्बी’ या नावाचा प्रवास विशेष लक्षणीय आहे. रे डॉल्बी (१९३३–२०१३) या अमेरिकन अभियंत्याने १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात काम केले आणि १९६५ मध्ये लंडन येथे आपली प्रयोगशाळा स्थापन केली. ध्वनिफितीवरील अनिष्ट खरखर कमी करणे, हे तिचे पहिले मोठे कार्य होय. ध्वनिफितींच्या यंत्रांवर व नंतर चित्रपटगृहांच्या जाहिरातींत हे नाव झळकू लागले. उत्तम व भारदस्त आवाज म्हणजे डॉल्बी, असे समीकरण लोकमानसात रूढ झाले. मिरवणुकीतील पेट्यांचा त्या प्रयोगशाळेशी काही संबंध नव्हता. तरी नाव त्यांना चिकटले. गोंगाट कमी करण्याच्या तंत्राचे नाव अशा रीतीने पश्चिम महाराष्ट्रात गोंगाटाचेच नाव झाले. २०१० नंतरच्या दशकात कोल्हापूर, सातारा इ. जिल्ह्यांत प्रशासन व नागरिक यांनी ‘डॉल्बीमुक्त’ गणेशोत्सवाचे आवाहन केले, ते या अर्थाने.

रचनेची तत्त्वे : पेट्या कशा मांडावयाच्या, हे मुख्यतः ध्वनीच्या तरंगलांबीवर अवलंबून असते. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सु. ३४५ मी. धरल्यास १०,००० हर्ट्झ कंप्रतेच्या स्वराची तरंगलांबी सु. ३.५ सेंमी., १,००० हर्ट्झची सु. ३५ सेंमी., १०० हर्ट्झची सु. ३.५ मी. आणि ५० हर्ट्झची जवळजवळ ७ मी. येते. ध्वनीचा उगम तरंगलांबीपेक्षा पुष्कळ मोठा असेल, तर ध्वनी एका दिशेने जातो. तो लहान असेल, तर ध्वनी सर्व दिशांना पसरतो. [→ ध्वनिकी].

टॉप पेटीतून निघणारे स्वर यामुळे प्रकाशझोताप्रमाणे पुढे जातात व माणसांच्या शरीरांनी अडतात. म्हणून टॉप नाचणाऱ्यांच्या डोक्यांहून उंच ठेवून किंचित खाली झुकवितात. मोठ्या कार्यक्रमांत ते एकाखाली एक टांगून ओळीने लावतात. फ्रान्समधील क्रिस्तियां हेल यांनी १९९२ मध्ये पुढे आणलेल्या या रचनेमुळे जवळच्या व दूरच्या श्रोत्यांना मिळणाऱ्या आवाजातील तफावत कमी होते.

बेस पेट्यांचे वर्तन याहून निराळे असते. ४६ सेंमी. (१८ इंच) व्यासाच्या शंकूची पेटी तरंगलांबीच्या मानाने इतकी लहान असते, की तिचे तोंड कोणीकडे आहे याला फारसा अर्थ राहत नाही. ती जमिनीवर ठेवल्यास जमिनीकडून परावर्तित होणारा ध्वनी मूळ ध्वनीत मिळतो व हवेत टांगलेल्या पेटीच्या मानाने पातळी सु. ६ डेसिबलने वाढते. मागे किंवा बाजूला भिंत असल्यास तीत आणखी भर पडते.

पेट्या परस्परांना खेटून ठेवणे, हा रचनेतील सर्वांत महत्त्वाचा नियम होय. एका पेटीला तिच्या विवर्धकासह तशीच दुसरी पेटी चिकटून जोडली, तर दोघींचे तरंग एकाच कलेत मिळतात व पातळी ६ डेसिबलने वाढते. दोनच्या चार केल्या तर आणखी ६ डेसिबल वाढतात. त्याच पेट्या ठेवून केवळ विद्युत् शक्ती दुप्पट केली, तर वाढ ३ डेसिबलच होते. अधिक पेट्यांची भिंत रचण्यामागे दिखाव्याबरोबर हेही कारण आहे. तथापि आवाज दुप्पट झाल्याची भावना होण्यास सु. १० डेसिबलची वाढ लागते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे शेजारच्या मंडळाहून दुप्पट मोठे भासण्यासाठी तिप्पट-चौपट पेट्या लागतात. स्पर्धेचा खर्च झपाट्याने वाढतो, तो यामुळे.

मैदानातील कार्यक्रमात बेसचे दोन गठ्ठे व्यासपीठाच्या दोन टोकांना ठेवण्याची रूढी आहे. ती दिसावयास सममित असली, तरी ध्वनीच्या दृष्टीने सदोष असते. मध्यरेषेवर उभ्या असलेल्यांना दोन्ही गठ्ठ्यांचे तरंग एकाच वेळी पोहोचतात व तेथे बेस अतिशय जोरकस लागतो. थोडे बाजूला सरल्यावर जेथे दोन्ही अंतरांतील फरक ५० हर्ट्झच्या अर्ध्या तरंगलांबीइतका, म्हणजे सु. ३.५ मी. होतो, तेथे ते स्वर परस्परांना खोडून काढतात. या व्यतिकरणामुळे मैदानात बेसचे पट्टे पडतात. क्षीण पट्ट्यातील लोकांची तक्रार आली, की चालक सर्वच आवाज वाढवितो आणि मध्यावरील व मैदानाबाहेरील लोकांना त्याची झळ बसते. सर्व बेस मध्यभागी एकत्र ठेवल्यास हा दोष टळतो व कमी पेट्यांत काम भागते.

कलेची चूक हे आवाज वाया जाण्याचे दुसरे कारण होय. एका पेटीच्या तारेची धन व ऋण टोके उलट जोडली गेली, तर तिचा शंकू इतर शंकू पुढे येत असताना मागे जातो व शेजारच्या पेटीचे काम नष्ट करतो. जोडणीनंतर एकच मंद्र स्वर वाजवून प्रत्येक पेटीची तार क्रमाने उलटी करून पाहणे, ही याची सोपी परीक्षा. उलटे केल्याने आवाज वाढला, तर आधीची जोडणी चुकीची होती असे समजावे. बेस व टॉप यांची वाटणी सामान्यतः ८० ते १२० हर्ट्झच्या दरम्यान क्रॉसओव्हर या उपकरणाने करतात. टॉप बेसच्या पुढे किंवा मागे असेल, तर त्या अंतरानुसार एकाला विलंब द्यावा लागतो.

वाहनावरील रचना : ट्रॉलीवर किंवा मालमोटारीवर तळाशी बेस, त्यावर टॉप, मध्ये किंवा मागे चालकाचे टेबल व सर्वांत मागे जनित्र अशी मांडणी असते. तळाशी वजनदार पेट्या ठेवल्याने वाहनाचा गुरुत्वमध्य खाली राहतो. परंतु गठ्ठा उंच होत गेला, की खड्ड्यांच्या रस्त्यावर तो डोलू लागतो. म्हणून पट्ट्यांनी तो वाहनाला आवळावा लागतो. वाहनाच्या मूळ बांधणीत परवानगीवाचून बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानुसार मनाई आहे. वीजवाहिन्यांखालून जाताना उंच गठ्ठा व त्यावरील दिव्यांचा सांगाडा हे प्रत्यक्ष संकट असते.

विद्युत् जोडणीतही रचनेची कसोटी लागते. ८ ओहम रोधाच्या दोन पेट्या एका वाहिनीला समांतर जोडल्यास रोध ४ ओहम व चार जोडल्यास २ ओहम होतो. विवर्धकातून तितक्या पटीने अधिक प्रवाह वाहतो. बारीक तारा तापतात व त्यांतच शक्ती खर्ची पडते. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला जनित्रावर एकदम भार पडून व्होल्टता घसरते आणि विवर्धक संदेशाचे माथे कापू लागतो. अशा कापलेल्या संदेशाने टॉपमधील नाजूक पडदे जळतात व ऐकणाऱ्याच्या कानालाही आवाज कर्कश लागतो. पुष्कळदा ‘आवाज मोठा’ म्हणून जे जाणवते, ते वस्तुतः विकृतीमुळे असते.

परिणाम : ट्रॉलीवरील भिंतीची रुंदी सु. अडीच मी., तर तिच्यातून निघणाऱ्या ५० हर्ट्झच्या तरंगाची लांबी सात मी. असते. म्हणून ती भिंत मिरवणुकीच्या पुढे जितका मंद्र ध्वनी टाकते, जवळजवळ तितकाच मागे व बाजूंनाही टाकते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की पातळी ६ डेसिबलने घटते. १० मी. अंतरावर ११० डेसिबल असलेला आवाज २० मी.वर १०४, ४० मी.वर ९८ व ८० मी.वर ९२ डेसिबल राहतो. दुतर्फा उंच इमारती असलेल्या बाजारपेठेत ही घटही पूर्ण होत नाही. विटांची भिंत तार स्वर चांगले अडविते. पण कंप्रता निम्मी झाली, की अशा भिंतीची अडविण्याची क्षमता सु. ६ डेसिबलने कमी होते. गाण्याचे शब्द त्यामुळे बाहेरच राहतात व ठोका घरात शिरतो. पत्र्याची छपरे, खिडक्यांची तावदाने व मांडणीवरील भांडी अनुस्पंदनाने थरथरतात. स्वच्छ, निवांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, तेव्हा ध्वनी वर न जाता खाली वाकतो व शिवारातून कित्येक किमी. दूर ऐकू येतो. जलाशयाच्या काठी हा परिणाम अधिक ठळक होतो.

कानावरील परिणाम पातळी व काळ या दोहोंवर अवलंबून असतो. कामाच्या जागी ८५ डेसिबल (ए) आठ तास ही सर्वमान्य मर्यादा धरतात. प्रत्येक ३ डेसिबल वाढीला काळ निम्मा करावा लागतो. या हिशोबाने १०० डेसिबल (ए) पातळीत पंधरा मिनिटे पुरे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी सुचविलेली मर्यादाही पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल (ए) हीच आहे. भिंतीपुढे नाचणारे तरुण हे काही तास सोसतात. पण वाहनावर उभा असणारा चालक व त्याचे मदतनीस लग्नसराई आणि उत्सव यांच्या काळात हे वारंवार सोसतात. या व्यवस्थेतील सर्वाधिक धोक्याची जागा त्यांची होय.

कायदा व मापन : पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ या कायद्याखाली केंद्र शासनाने २००० मध्ये ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम केले. त्यांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५, व्यापारी क्षेत्रात ६५ व ५५, औद्योगिक क्षेत्रात ७५ व ७० आणि शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबल (ए) ही कमाल पातळी आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सार्वजनिक जागेच्या सीमेवर लाउडस्पीकरचा आवाज त्या क्षेत्राच्या मर्यादेहून १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निर्णयात, शांततेने जगण्याचा अधिकार हा जीविताच्या मूलभूत अधिकाराचा भाग असल्याचे स्पष्ट केले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये उत्सवांतील ध्वनीसंबंधी सविस्तर निर्णय दिला. सप्टेंबर २०१८ मध्ये विसर्जन मिरवणुकीतील डीजेवरील बंदीविरुद्ध व्यावसायिकांच्या संघटनेने मागितलेला अंतरिम दिलासा त्या न्यायालयाने नाकारला. आमच्या उपजीविकेचे काय, हा व्यावसायिकांचा प्रश्न आणि आमच्या झोपेचे काय, हा रहिवाशांचा प्रश्न त्या वेळी समोरासमोर आले.

या नियमांतील ‘डेसिबल (ए)’ या एककाकडे सहसा लक्ष जात नाही. मानवी कान मंद्र स्वरांना कमी संवेदनशील असल्याने मापकात ‘ए’ भारण लावून त्यांची किंमत कमी धरतात. १,००० हर्ट्झला वजावट शून्य, १०० हर्ट्झला सु. १९, ६३ हर्ट्झला सु. २६ व ५० हर्ट्झला सु. ३० डेसिबल असते. म्हणजे ५० हर्ट्झचा शुद्ध स्वर प्रत्यक्षात १०० डेसिबल असला, तरी मापक ७० डेसिबल (ए) दाखवितो. हे भारण मंद आवाजांच्या श्रवणावर बेतलेले आहे. पातळी चढते, तशी कानाची मंद्र स्वरांविषयीची संवेदना वाढत जाते. अशा ध्वनीत टॉप कमी केले, की मापकावरील आकडा लगेच उतरतो. पण घरांच्या भिंतींतून जाणारा ठोका जसाच्या तसा राहतो. छाती धडधडते अशी रहिवाशाची तक्रार आणि आवाज कमी केला असा चालकाचा दावा, ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. ‘सी’ भारणात ५० हर्ट्झची वजावट सव्वा डेसिबलच्या आसपास असते. दोन्ही भारणांनी मापन केल्यास हा भेद तात्काळ उघड होतो.

दिशायुक्त रचना : मंद्र ध्वनीला दिशा देता येते, मात्र त्यासाठी पेट्यांची संख्या नव्हे, मांडणी बदलावी लागते. तीन बेस पेट्यांच्या गठ्ठ्यातील एक पेटी मागे तोंड करून ठेवतात, तिची कला उलटवितात व पेटीच्या खोलीनुसार तिला सु. ३ मिलिसेकंद विलंब देतात. असे केल्यास तिन्हींचा ध्वनी पुढे मिळतो व मागे परस्परांना खोडतो. मागील पातळी यामुळे १० डेसिबल किंवा त्याहून अधिक घटू शकते. दुसऱ्या पद्धतीत पेट्या एकामागे एक ओळीने ठेवतात. ६० हर्ट्झसाठी तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतके, म्हणजे सु. १.४ मी. अंतर राखून पुढच्या प्रत्येक पेटीला सु. ४ मिलिसेकंद अधिक विलंब दिला, तर सर्व तरंग पुढच्या दिशेने एकत्र वाढतात. पहिल्या पद्धतीला मागे मोकळी जागा लागते व पुढील पातळीत थोडी घट पत्करावी लागते. दुसरीला वाहनाची लांबी लागते. दोहोंसाठी मागच्या पेट्यांना स्वतंत्र विवर्धक वाहिनी व अंकीय नियंत्रक आवश्यक असतो. भिंतीजवळून जाताना परावर्तनाने परिणाम बिघडतो. म्हणून ही रचना अरुंद गल्लीपेक्षा मैदानात अधिक यशस्वी होते.

या रचनेने नियमांचे पालन आपोआप होत नाही. निवासी भागातील ५५ डेसिबल ही मर्यादा आणि मिरवणुकीतील नाच यांतील अंतर कोणत्याही मांडणीने पूर्णपणे भरून निघणार नाही. तथापि बेस मध्यभागी एकत्र ठेवणे, कला तपासणे, टॉप नेमक्या उंचीवर लावणे, मागील बाजूचा ध्वनी खोडणे व पातळी दोन्ही भारणांनी मोजणे, या उपायांनी नाचणाऱ्यांना मिळणारा आवाज फारसा न घटविता रुग्ण, वृद्ध, विद्यार्थी व जनावरे यांच्यापर्यंत पोहोचणारा आवाज कमी करता येतो. ढोल वाजविणाऱ्याचा हात थकतो, ही जुन्या मिरवणुकीतील मर्यादा निसर्गाने घातलेली होती. जनित्र थकत नसल्याने ती मर्यादा आता चालकाला मांडणीत व समाजाला नियमांत जाणीवपूर्वक घालावी लागते.